अवकाशकार्यक्रमाचे नेतृत्व आणि विज्ञानशिक्षण : सारभाई, यशपाल आणि कलाम यांच्या विचारांची चिकित्सा

१. प्रास्ताविक

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चंद्रयान-३ मोहिमेतील 'विक्रम' लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात सुखरूप उतरले. देशभरातील शाळा-महाविद्यालयांनी तो क्षण पडद्यावर एकत्र पाहिला. पुढे हा दिवस 'राष्ट्रीय अवकाश दिन' म्हणून जाहीर झाला. त्या निमित्ताने निबंधस्पर्धा, भित्तिपत्रके आणि व्याख्याने यांची रीतही आता रूढ झाली आहे. अवकाशातील यश विद्यार्थ्यांना विज्ञानाकडे वळवील, अशी अपेक्षा या सर्व उपक्रमांमागे असते. ती चुकीची म्हणता येत नाही. मात्र ती तपासलीही जात नाही.

अवकाशमोहीम आणि विज्ञानशिक्षण यांचा संबंध जगात इतरत्रही जोडला गेला आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने 'स्पुटनिक' सोडल्यानंतर अमेरिकेने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत करून विज्ञान आणि गणिताच्या अध्यापनासाठी मोठा निधी उपलब्ध केला. तेथे दुसऱ्याच्या यशातून आपल्या वर्गाची झडती घेतली गेली. भारतात मात्र हा संबंध बहुधा स्वतःच्या यशाच्या गौरवापुरता राहिला आहे.

भारतीय अवकाशकार्यक्रमाशी निगडित असलेल्या तीन व्यक्तींनी विज्ञानशिक्षणाविषयी वेगवेगळ्या भूमिका घेतल्या. विक्रम सारभाई, प्रा. यशपाल आणि डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम या तिघांच्या भूमिकांची तुलना करून त्यांतील कोणती भूमिका शिक्षणव्यवस्थेने स्वीकारली, कोणती नाकारली आणि त्याचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. सारभाई : साधन आणि साध्य

१९६२ मध्ये सारभाई यांच्या अध्यक्षतेखाली अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिले अग्निबाण उड्डाण झाले. गरीब देशाला अवकाशसंशोधनाची चैन परवडते काय, हा प्रश्न तेव्हा वारंवार विचारला जात असे. चंद्र आणि ग्रहांच्या शोधात प्रगत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न आपण पाहत नाही, परंतु माणसांच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांवर प्रगत तंत्रज्ञानाचा उपयोग करण्यात आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये, असे सारभाई यांचे उत्तर असे. या उत्तरात तंत्रज्ञान हे साधन आहे आणि समाज हे साध्य आहे.

ही भूमिका शिक्षणाच्या क्षेत्रात कशी उतरली, याची दोन उदाहरणे महत्त्वाची आहेत. पहिले उदाहरण 'कृषिदर्शन' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे आहे. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीभोवतालच्या ८० गावांत सामूहिक संच बसवून तो सुरू झाला. दुसरे उदाहरण अहमदाबाद येथील सामुदायिक विज्ञान केंद्राचे आहे. विद्यार्थी, शिक्षक आणि सामान्य नागरिक यांनी प्रयोग हाताळावेत, चुकावे आणि पुन्हा करून पाहावे, यासाठी सारभाई यांनी हे केंद्र उभे केले. २२ डिसेंबर १९६८ रोजी सर सी. व्ही. रामन यांनी तेथे दिलेल्या व्याख्यानाचा विषय होता, आकाश निळे का दिसते. अग्निबाणांचा कार्यक्रम उभारणारा शास्त्रज्ञ त्याच काळात मुलांसाठी प्रयोगशाळा उघडतो आणि तिच्या प्रारंभी एक साधा प्रश्न मांडला जातो, ही गोष्ट सारभाई यांच्या नेतृत्वाचे स्वरूप स्पष्ट करते.

तथापि सारभाई यांच्या विचारात एक ताण होता. समाजाचे प्रश्न सोडवण्यासाठी तंत्रज्ञान 'पोहोचवायचे', या कल्पनेत पोहोचवणारा आणि घेणारा असे दोन पक्ष आधीच ठरलेले असतात. विज्ञान केंद्रात मूल स्वतः करून पाहणारे आहे, तर दूरचित्रवाणीसमोर ते बसून पाहणारे आहे. या दोन भूमिकांचा मेळ घालण्यास सारभाई यांना अवधी मिळाला नाही. ३० डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

३. 'साइट' प्रयोगाचे यश आणि मर्यादा

सारभाई यांच्या हयातीत, १९६९ मध्ये, अमेरिकेच्या नासा या संस्थेशी झालेल्या करारानुसार उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग, म्हणजेच 'साइट', आखला गेला. तो १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात पार पडला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहामार्फत आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट प्रक्षेपण होत असे. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी, असे रोज चार तासांचे कार्यक्रम असत. प्राथमिक शिक्षकांसाठी सुटीच्या काळात विज्ञानाचे प्रशिक्षणही घेतले गेले. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक प्रा. यशपाल होते आणि या प्रयोगाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होती.

संच दुरुस्त ठेवणे, वीज नसलेल्या ठिकाणी पर्याय शोधणे, कार्यक्रमाची भाषा ठरवणे आणि तो पाहणाऱ्यांचे मत परत मिळवणे ही सर्व कामे अवकाशशास्त्रज्ञांना करावी लागली. अभियंता आणि समाजशास्त्रज्ञ यांनी एकाच प्रकल्पात बरोबरीने काम करण्याचे हे भारतातील आरंभीचे मोठे उदाहरण होय. परंतु प्रयोगाची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. चार भाषांत, सहा राज्यांतील भिन्न परिस्थितीला एकच कार्यक्रम लागू पडणे कठीण होते. शिवाय उपग्रह वर्षभरासाठी मिळालेला होता. ३१ जुलै १९७६ नंतर खेड्यातील शाळेत मागे उरला तो शिक्षक. त्याच्या हाती प्रयोगाचे साहित्य किती आणि प्रश्नांना उत्तर देण्याचे बळ किती, यावरच पुढचे सारे अवलंबून होते. प्रक्षेपणाला शिक्षकाची जागा घेता येत नाही, हा 'साइट'चा खरा धडा आहे.

४. यशपाल : प्रश्नाची प्रतिष्ठा

हा धडा ज्यांनी पुढे नेला त्यांत प्रा. यशपाल यांचे स्थान महत्त्वाचे आहे. विश्वकिरणांचे अभ्यासक म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांची कारकीर्द घडली. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' यांनी १६ माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. त्याला साहाय्य करणाऱ्यांत टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ होते, तसेच दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकही होते. महाविद्यालयीन अध्यापकांना शालेय विज्ञानासाठी काम करता यावे म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांना अधिछात्रवृत्त्या दिल्या, ही बाब आज मुद्दाम आठवण्यासारखी आहे.

होशंगाबाद कार्यक्रमात पाठ्यपुस्तकाच्या जागी प्रयोगांची कार्यपुस्तिका होती, प्रत्येक शाळेला साहित्याची पेटी दिली जात असे आणि परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती. 'सवालीराम' या काल्पनिक व्यक्तीला मुले पत्रे लिहून प्रश्न विचारीत. पुढे 'एकलव्य' संस्थेने हा कार्यक्रम चालवला. महाराष्ट्रातही १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात आणि मुंबईच्या महापालिका शाळांत काम केले. विज्ञान न समजण्यामागे पुष्कळदा मुलाची बुद्धी नसून पुस्तकाची भाषा असते, हा त्या कामातून पुढे आलेला मुद्दा मराठी शिक्षकाला आजही विचारात घ्यावा लागतो.

यशपाल १९८६ ते १९९१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. आंतरविद्यापीठीय केंद्रांच्या योजनेला त्यांच्या कारकिर्दीत गती मिळाली. पुण्याचे 'आयुका' हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या केंद्राने विद्यापीठांतील अध्यापकांना संशोधनाची दारे उघडली आणि शाळकरी मुलांनाही आपल्या आवारात जागा दिली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवण्यास सांगायचे आणि उत्तराखाली स्वाक्षरी करायची, ही नारळीकरांची पद्धत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. प्रसिद्ध व्यक्तीविषयीचे कुतूहल प्रश्नाकडे वळवण्याचा याहून साधा उपाय सापडणे कठीण.

१९९३ मध्ये यशपाल समितीने 'ओझ्याविना शिक्षण' हा अहवाल सादर केला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या माहितीचे ओझे अधिक घातक असते, असा त्याचा गाभा आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्षपदही यशपाल यांच्याकडे होते आणि त्यातून निघालेल्या विज्ञान-गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठीच्या सल्लागार गटाचे अध्यक्ष नारळीकर होते. अवकाशकार्यक्रम, विद्यापीठे आणि शाळा या तिन्ही स्तरांना एकाच विचाराने जोडणारे नेतृत्व म्हणून यशपाल यांच्याकडे पाहावे लागते. मुलाचा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असला तरी विज्ञानाबाहेरचा नसतो, हा तो विचार.

या विचाराचे अपयशही नोंदवले पाहिजे. सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचलेला होशंगाबाद कार्यक्रम मध्य प्रदेश शासनाने २००२ मध्ये बंद केला. ओझ्याविषयीचा अहवाल सर्वांनी वाखाणला, पण स्पर्धापरीक्षा आणि शिकवणीवर्ग यांच्या वाढीपुढे तो निष्प्रभ ठरला. परीक्षेचे स्वरूप न बदलता अध्यापन बदलता येईल, असा विश्वास या परंपरेने अनेकदा बाळगला. जेथे परीक्षाही बदलली, तेथे शासनाचा पाठिंबा फार काळ टिकला नाही. नैतिक वजन असलेले नेतृत्व प्रशासकीय यंत्रणेत रुजले नाही, हे मान्य करावे लागते.

५. 'अग्निपंख' : ग्रंथ आणि त्याचे वाचन

याच काळात डॉ. कलाम यांचे 'विंग्ज ऑफ फायर' हे आत्मचरित्र १९९९ मध्ये अरुण तिवारी यांच्या साहाय्याने प्रसिद्ध झाले. माधुरी शानभाग यांनी केलेला त्याचा 'अग्निपंख' हा अनुवाद मराठी घराघरांत पोहोचला. कलाम २००२ ते २००७ या काळात राष्ट्रपती होते. त्या पदावरून आणि त्यानंतरही त्यांनी विद्यार्थ्यांशी अखंड संवाद ठेवला. महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिन २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. ज्यांच्या घरी पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशा असंख्य विद्यार्थ्यांना या पुस्तकाने आपणही शास्त्रज्ञ होऊ शकतो ही जाणीव दिली. या योगदानाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो या ग्रंथाच्या रूढ वाचनाचा. व्याख्यानांत आणि निबंधांत 'अग्निपंख'चा सारांश साधारणतः असा येतो : रामेश्वरमच्या गरीब मुलाने मोठे स्वप्न पाहिले, कष्ट केले आणि ते पूर्ण झाले. या सारांशात यशाचे सर्व कारण व्यक्तीच्या इच्छाशक्तीत जाते. त्यातून निघणारा अनुमानाचा धागा मात्र कोणी उच्चारीत नाही. स्वप्न पाहूनही जो मुलगा शास्त्रज्ञ झाला नाही, त्याच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती की शिक्षकाचे पद रिक्त होते, हे विचारण्याची गरजच मग उरत नाही. दोष त्याच्या स्वप्नाकडे जातो आणि संस्था मोकळी होते.

प्रत्यक्ष ग्रंथ मात्र या सारांशाला पुरावा देत नाही. त्यात शिवसुब्रह्मण्य अय्यर हे विज्ञानशिक्षक आहेत. सनातनी घरातील पत्नीचा विरोध असताना त्यांनी कलाम यांना घरी जेवायला बोलावले, स्वतः वाढले आणि पुढच्या खेपेस पुन्हा बोलावले. रामनाथपुरमच्या श्वार्ट्झ हायस्कूलमधील इयादुराई सॉलोमन आहेत. मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेतील शुल्कासाठी दागिने गहाण ठेवणारी बहीण जोहरा आहे. विमानाच्या आराखड्याचे काम अपुरे वाटल्यावर कठोर मुदत देणारे आणि काम पूर्ण होताच मनापासून दाद देणारे प्रा. श्रीनिवासन आहेत. हे चरित्र एकट्या माणसाचे नसून शिक्षक, कुटुंब आणि संस्था यांनी घडवलेल्या माणसाचे आहे.

त्याहून महत्त्वाचा भाग एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाचा आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी त्याचे पहिले उड्डाण फसले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणप्रणालीतील झडपेतून आम्ल गळून गेल्यामुळे प्रक्षेपक नियंत्रणाबाहेर गेला, असे चौकशीत निष्पन्न झाले. प्रकल्पप्रमुख म्हणून कलाम यांनी जबाबदारी स्वीकारली, डॉ. ब्रह्मप्रकाश आणि प्रा. सतीश धवन हे वरिष्ठ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८ जुलै १९८० रोजीच्या उड्डाणाने 'रोहिणी' उपग्रह कक्षेत पोहोचला. अपयश लपवले गेले नाही, त्याचे कारण शोधले गेले आणि कारण शोधणाऱ्यांना शिक्षा झाली नाही, म्हणून दुसरे उड्डाण यशस्वी झाले. 'अग्निपंख'चा विज्ञानशिक्षणासाठी सर्वांत उपयोगी भाग हाच आहे आणि सारांशातून तोच गळतो.

या वाचनाला कलाम यांची नंतरची मांडणीही काही अंशी कारणीभूत आहे. 'इग्नायटेड माइंड्स' आणि विद्यार्थ्यांसमोरील भाषणे यांत स्वप्न, संकल्प आणि राष्ट्राचे सामर्थ्य यांवर भर आहे. विद्यार्थ्यांकडून एकत्रित शपथ वदवून घेण्याची त्यांची पद्धत सभागृह भारून टाकीत असे. परंतु शपथ आणि प्रश्न यांची प्रकृती भिन्न आहे. शपथेत सर्वांनी एकच वाक्य उच्चारायचे असते. प्रश्न ज्याचा त्याला सुचावा लागतो.

६. एज्युसॅटपासून चंद्रयानापर्यंत

२० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी तयार केलेला 'एज्युसॅट' उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या प्रायोगिक टप्प्यासाठी निवडलेल्या विद्यापीठांत नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही होते. 'साइट'साठी उपग्रह उसना घ्यावा लागला होता. तीन दशकांत देशाने तो स्वतः घडवला, ही प्रगती निर्विवाद आहे. परंतु 'साइट'ने शिक्षकाविषयी दिलेला धडा या टप्प्यावर पुरेसा आठवला गेला नाही. साधन बदलले, तरी एका ठिकाणच्या तज्ज्ञाने बोलायचे आणि अनेक ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी ऐकायचे, हा आकृतिबंध बहुतांशी कायम राहिला.

चंद्रयान-३ नंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने विद्यार्थ्यांसाठी चंद्रयानविषयक वाचनसाहित्य प्रसिद्ध केले. त्यात पौराणिक विमाने आणि 'वैमानिकशास्त्र' यांचा उल्लेख प्राचीन उड्डाणज्ञानाच्या संदर्भात आल्यामुळे वैज्ञानिक संघटनांनी आक्षेप घेतला. या ग्रंथाची चिकित्सा १९७४ मध्येच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी केली होती. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा त्या संस्थेचे संचालक आणि भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे अध्यक्ष ही दोन्ही पदे सतीश धवन यांच्याकडेच होती. म्हणजे ज्या परंपरेने देशाला चंद्रापर्यंत नेले, तिच्याच अंगणात झालेली चिकित्सा चंद्राविषयीच्या शालेय वाचनातून वगळली गेली. पुराणकथांना साहित्य आणि संस्कृती म्हणून मोठे मोल आहे. पुराव्याच्या जागी त्या ठेवल्या, तर विज्ञानाची हानी होतेच, पुराणांचाही सन्मान होत नाही.

याउलट, त्याच मोहिमेत शिकवण्यासारखे पुष्कळ होते. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रयान-२ चे लँडर चंद्रावर कोसळले. त्यानंतर काय काय बिघडू शकते याचा विचार करून चंद्रयान-३ ची रचना केल्याचे संस्थेच्या नेतृत्वाने जाहीरपणे सांगितले. चुकीचा असा अभ्यास हा विज्ञानशिक्षणाचा उत्तम पाठ ठरू शकतो.

७. महाविद्यालयीन प्रयोगशाळेचा संदर्भ

या चर्चेचा महाविद्यालयीन अध्यापकाशी थेट संबंध आहे. साध्या लोलकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.८ च्या जवळ यावे, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. ते आले नाही, तर तो निरीक्षणे 'जुळवतो'. जर्नलमध्ये नीटनेटके आकडे येतात, त्यावर सही होते आणि प्रात्यक्षिक परीक्षेत गुणही मिळतात. न जुळलेले मूल्य का आले, दोरीची लांबी कोठून कोठपर्यंत मोजली, आंदोलने मोजताना एक कमी धरले काय, हे विचारण्याची वेळ वेळापत्रकात नसते. एसएलव्ही-३ च्या चौकशीत ज्या गोष्टीला सर्वाधिक महत्त्व होते, तीच येथे गुण कमी करणारी बाब ठरते. अशा प्रयोगशाळेत शिकलेला विद्यार्थी राष्ट्रीय अवकाश दिनी कितीही उत्साहाने निबंध लिहो, त्याने विज्ञानाची पद्धत अनुभवलेली नसते.

याचा दोष केवळ अध्यापकांना देणे अन्यायाचे होईल. रिक्त पदे, मोठ्या तुकड्या, जुने साहित्य आणि अहवालांचा वाढता भार ही कारणे खरी आहेत. तरीही एक निर्णय अध्यापकाच्या हाती उरतो. प्रामाणिकपणे नोंदवलेले चुकीचे मूल्य आणि त्याची कारणमीमांसा यांना जुळवलेल्या अचूक मूल्यापेक्षा अधिक गुण देता येतात. अवकाशकार्यक्रमाच्या वारशाशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी कृती तीच ठरेल.

८. निष्कर्ष

सारभाई यांनी तंत्रज्ञानाला सामाजिक साध्य दिले, परंतु 'पोहोचवण्याच्या' कल्पनेतील एकमार्गीपणा त्यांच्या वारशात राहिला. यशपाल यांनी प्रश्नाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले, परंतु परीक्षा आणि प्रशासन यांना त्या दिशेने वळवणे त्यांच्या परंपरेला साधले नाही. कलाम यांनी आकांक्षेचे लोकशाहीकरण केले, परंतु त्यांच्या चरित्रातील शिक्षक, संस्था आणि अपयशाची चिकित्सा बाजूला ठेवून समाजाने केवळ स्वप्न उचलले. या तिन्ही भूमिका परस्परविरोधी नाहीत. आकांक्षा हवी, तिला प्रश्न विचारण्याची सवय हवी आणि त्या प्रश्नाला समाजाचा संदर्भ हवा. व्यवस्थेने मात्र तिघांकडून जे सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी खर्चाचे होते तेवढेच घेतले. सारभाईंकडून प्रक्षेपण, यशपाल यांच्याकडून अहवाल आणि कलामांकडून घोषवाक्य.

राष्ट्रीय नेतृत्वाचे मूल्यमापन कक्षेत सोडलेल्या उपग्रहांच्या संख्येने होते, ते योग्यच आहे. त्याच्या जोडीला दुसरा एक निकष लावणेही आवश्यक आहे. त्या नेतृत्वाच्या काळात सामान्य शाळेतील आणि ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने प्रयोग करण्याची, चुकण्याची आणि चूक उघडपणे मांडण्याची संधी किती वाढली, हा तो निकष होय. या निकषावर गेल्या सहा दशकांचा हिशेब समाधानकारक नाही आणि तो सुधारण्याचे काम प्रक्षेपणतळावर नव्हे, तर वर्गात व्हावयाचे आहे.